गल्लीवर साड्यांचं छत आणि सावल्यांचा खेळ: वाऱ्याचं काय करायचं?

गल्लीकर
जुन्या नाशकातली गल्ली, ४ मीटर रुंद, ३० मीटर लांब. रंगपंचमीला धरून तीन दिवस घरोघरच्या जुन्या साड्यांचं छत करायचंय, रात्री पोरांचा सावल्यांचा खेळ. बांधायला पहिल्या मजल्याचे कठडे आहेत. अख्ख्या साड्या ताणल्या तर टिकतील का? किती लागतील?

दोरीगाठ
अख्खी साडी ताणू नका, तिचं शीड होतं आणि वारा कठड्यासकट ओढतो. पट्ट्या करा. सुती साडी लांबीत सरळ फाटते, सिंथेटिकला कात्री लागते. १० सेंमीच्या ११ पट्ट्या, प्रत्येकीचे चार तुकडे, म्हणजे एका साडीचे ४४. तुकडा मधोमध दुमडून दोरीवर टाकायचा आणि दोन्ही टोकं त्याच फासातून ओढून घ्यायची. दर ५ सेंमीला एक धरला तर एका दोरीला ८० तुकडे, जवळपास दोन साड्या. दीड मीटरवर एक अशा २१ दोऱ्या, म्हणजे चाळीसेक साड्या.

दोरी ६ मिमी नायलॉनची. ती तंग बांधायचा मोह सगळ्यांना होतो, आणि घोळ तिथेच होतो. रंगाचं पाणी पिऊन एक ओळ ३ किलोची झाली, तर १० सेंमी झोळ असताना टोकाला १५ किलोच्या आसपास ओढ बसते. ४० सेंमी झोळ ठेवलात तर ४ किलोच. कठड्याच्या नक्षीदार गजाला बांधू नका, खांबाला बांधा. विजेच्या खांबाला तर अजिबात नको. एका बाजूला सुरगाठ ठेवा, रुग्णवाहिका आली तर ओढली की दोरी खाली.

पडद्यामागे
खेळासाठी पांढरी सुती चादर चौकटीवर ताठ बसवा, सुरकुती पडली की सावलीचं नाक वाकडं. दिवा एकच हवा आणि प्रकाश एका ठिपक्यातून यायला हवा. एलईडी पॅनेल किंवा ट्यूब लावली तर सावल्या पसरट, कडा गायब. पडद्यापासून ३ मीटर मागे ठेवा. पोरगं पडद्याला चिकटलं की सावली रेखीव, दिव्याकडे सरकलं की राक्षस, पण धूसर. हॅलोजन नको, तापतो आणि जवळ लोंबणारी सिंथेटिक पट्टी वितळून ठिबकते. समोरचा पथदिवा तेवढ्या वेळापुरता बंद करून घ्या, नाहीतर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

विषय शोधायला लांब जायला नको. पुठ्ठ्याचा दुतोंड्या मारुती उभा करा (गोदावरीतली मूर्ती, पूर कुठवर चढला ते नाशिककर तिच्यावरून सांगतात), आकाशकंदिलाचा निळा जिलेटिन पेपर पडद्याला टेकवून खालून हळूहळू वर सरकवा. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला… कुठवर चढलं ते प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं. संवाद पाठ करायची भानगडच नाही.

गल्लीकर
साड्या मिळतील, पण कामाला माणसं?

ओटा_मंडळी
साडी घेतानाच स्पष्ट विचारा, ‘फाडली तर चालेल ना?’ छत चढल्यावर त्यात आईची साडी ओळखू आली की भांडण होतं. जरीची परत द्या, पट्टी केल्यावर काठ उसवत राहतो.

‘रविवारी या’ म्हटलं की कोणी येत नाही. दोरी ओट्याच्या उंचीला, दारासमोरच बांधून ठेवा, तुकड्यांची टोपली शेजारी. जाता-येता माणूस पाच गाठी मारतो, आजीबाई बसल्या जागी पन्नास. भरली की दोरी वर चढवायची, दुसरी लावायची. पट्टीचं खालचं टोक साडेतीन मीटरच्या खाली येऊ देऊ नका, टेम्पोच्या टपाला अडकतं.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात अर्ज आधीच द्या. स्पीकर रात्री दहाला बंद.