२५० ओहमच्या हेडफोनसाठी साउंड कार्ड की यूएसबी डॅक?

मदत हवी आहे. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये पावलं मागून येतायत की बाजूने, हे नीट कळावं म्हणून २५० ओहमचा (म्हणजे चालवायला जास्त ताकद लागणारा) ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे कप असलेला, हेडफोन घेतला. पण मदरबोर्डच्या जॅकवर व्हॉल्यूम १०० ठेवूनही आवाज दबकाच, शिवाय गेम सुरू झाला की बारीक किरकिर. नुसता माउस हलवला तरी ऐकू येते. पुढचा जॅक सोडून मागचा वापरला, ड्रायव्हर नव्याने टाकला. किरकिर थोडी कमी झाली, आवाज तेवढाच. माइक वेगळा यूएसबीचा आहे, त्यामुळे माइक इनपुट नको. हेडफोन मात्र बदलायचा नाही, दिशा फार छान कळते. पीसीआय एक्सप्रेसचा एकच स्लॉट मोकळा आहे, तोही ग्राफिक्स कार्डला चिकटून. तिथे साउंड कार्ड बसवलं तर किरकिर राहीलच का, की हेडफोन अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा भाग) असलेला यूएसबी डॅकच, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनसाठीच्या सिग्नलमध्ये बदलणारी बाहेरची डबी, घ्यावा?