उरलासुरला वेळ देवाला, हे किती दिवस चालणार?

मोहरीदाणा
बायबलमधलं मत्तय 6:33 आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, बाकीचं त्याबरोबर मिळेल. आता आपल्या आठवड्याकडे बघा. नोकरी, हप्ते, मुलांचे क्लास यांच्या वेळा ठरलेल्या. प्रार्थनेला मिळतं ते उरलंसुरलं. अंथरुणात पडल्यापडल्या प्रभूची प्रार्थना, तीही 'रोजची भाकर' येईपर्यंतच शुद्धीत!

माझं मत सरळ आहे. जी बढती किंवा जो जोडधंदा रविवारची उपासना आणि रोजचं वचनवाचन (बायबल वाचणं) गिळतो, तो नाकारावा. मत्तय 19 मधला श्रीमंत तरुण काही वाईट माणूस नव्हता, आज्ञा पाळणारा होता. येशूनं सांगूनही मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून गेला. आपण तर खिन्नही होत नाही.

तंबूवाला
'नाकारावा' म्हणणं सोपं असतं, हप्ता दुसरा कोणी भरत असला की. येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करायचा (प्रेषितांची कृत्ये 18). काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये, हे थेस्सलनीकाच्या मंडळीला त्यानंच बजावलं. 1 तीमथ्य 5:8 तर त्याहून कडक: घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट.

आमच्या प्रार्थनासभेत एक गृहस्थ होते. उपास, रात्रभर प्रार्थना, सगळं काही. घरात पैसा नाही. बायको भावाकडून उसने आणायची आणि हे साक्ष द्यायला उभे राहिले की म्हणायचे, "प्रभूनं पुरवलं." पुरवलं मेहुण्यानं.

मोहरीदाणा
आळशांची वकिली मी केलेली नाही. गरज वेगळी, हाव वेगळी. अन्नवस्त्र असलं की तेवढ्यात तृप्त राहू, हेही पौलानंच लिहिलंय, तीमथ्याच्या त्याच पत्रात, पुढच्याच अध्यायात.

तंबूवाला
आईचं ऑपरेशन अन्नात धरायचं की वस्त्रात?

बेथानीकर
आता कोणीतरी मार्था-मरीया काढणारच, म्हणून मीच काढते: येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतलेली, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. लूक 10 वरच्या प्रत्येक उपदेशात मार्थाला झोडपायचं आणि उपासना संपली की चहाची किटली तिच्याच हातात द्यायची! प्रभू तिला "काम करू नकोस" म्हणाला नाही. तू पुष्कळ गोष्टींची चिंता करतेस, असं म्हणाला. पुढे योहान 11 मध्ये भाऊ लाजर मेल्यावर, "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस," ही कबुली देते ती मार्थाच. आणि योहान 12 मध्ये बाई पुन्हा वाढतेच आहे.

मोहरीदाणा दादा, तुम्ही पहाटे वचन घेऊन बसता तेव्हा डबे कोण भरतं?

मोहरीदाणा
मीच भरतो, ताई. म्हणून तर पहाट आणखी लवकर होते. 🙂

जुनी वही
बेनेडिक्ट या ख्रिस्ती संन्याशानं सहाव्या शतकात मठासाठी जे नियम लिहिले, त्यांत अंगमेहनत आणि वाचन, दोन्हींच्या वेळा नेमून दिल्यात. आळस हा आत्म्याचा शत्रू, असं तो म्हणतो. मला त्यातला कोठाऱ्याबद्दलचा नियम फार आवडतो: मठातली भांडीकुंडी, अवजारं, सगळं सामान त्यानं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं. म्हणजे आत्मिक कामं एका फडताळात आणि संसार दुसऱ्यात, अशी वाटणी त्याला मंजूर नव्हती.

बेथानीकर
मठात लेकरं नव्हती. एवढंच नोंदवून ठेवते.

तंबूवाला
आणि मार्क 7 मधलं 'कुर्बान' विसरू नका. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं चांगलंच सुनावलं. देवाच्या नावानं घर उपाशी ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे.

मोहरीदाणा
युक्ती दोन्ही बाजूंनी चालते. 'घरासाठी करतोय' या नावाखाली किती काय खपतं! गरज म्हणून घेतलेला ओव्हरटाइम गरज भागल्यावर सोडलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

बरं, तासांचा हिशेब सोडा. श्रीमंत जकातदार जक्कयाचं बघा, लूक 19. त्याला कोणी नोकरी सोडायला सांगितलं नाही. तोच उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं असेल ते चौपट परत. त्याची वाढ पैशात दिसली. इथल्या किती जणांनी पगार वाढल्यावर दानाचा आकडा वाढवला?

तंबूवाला
मी वाढवलाय. ओव्हरटाइमच्या पैशांतूनच. आता तुमच्या हिशेबानं तो सोडू की ठेवू?