मृत्युपत्र होतं, नव्हतं किंवा सापडलंच नाही : तुमच्या घरात काय झालं?

हा विषय काढायचा काढायचा म्हणून मी बरीच वर्षं टाळत आले. आमच्याकडे 'मृत्युपत्र' हा शब्दच कोणी घरात उच्चारत नाही. इच्छापत्र म्हणा हवं तर, पण बोला.

माझा नवरा २०१९ मध्ये गेला, ४४ वर्षांचा होता. पुण्यातला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण कर्ज काढलं तेव्हा माझी नोकरी कायम झाली नव्हती. हप्ते पुढची अकरा वर्षं दोघांच्या पगारातून गेले. सोसायटीत नॉमिनी मी, म्हणजे घर माझंच, असं मी धरून चालले होते. सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तात्पुरतं सभासद करून घेऊ, पण कायमचं नाव लावायला सगळे वारस बघावे लागतील."

हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत, आई येते, हे मला तेव्हा कळलं. मी, माझा आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, असे तीन सारखे हिस्से झाले. सासूबाई म्हणाल्या, "मला काय करायचंय घर? तुझंच आहे ते." मनापासून म्हणाल्या. हक्कसोडपत्र करायचं ठरलंही होतं. मग करोना आला, त्यांना घराबाहेर न्यायची भीती वाटायची, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यांनीही काही लिहून ठेवलं नव्हतं. सासरे आधीच गेलेले. त्यामुळे त्यांच्या तिसऱ्या हिश्श्यातला निम्मा माझ्या मुलाकडे आणि निम्मा दिरांकडे गेला. ज्या घराचा एकही हप्ता दिरांनी भरला नव्हता, त्याचा सहावा हिस्सा त्यांचा झाला.

दीर वाईट नाहीत. त्यांच्याही घरात अडचणी होत्या, त्यांनी हिश्श्याचे पैसे मागितले, मी सोनं मोडून दिले. मुलाच्या हिश्श्याचं निराळंच. तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, त्यामुळे उद्या घर विकायचं झालं तर त्याच्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी लागेल. एका कागदावर नवऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असत्या, तर यातलं काहीच झालं नसतं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. नावं, गावं लिहिली नाहीत तरी चालेल.

थोरला मुलगा, दादर

आमच्याकडे मृत्युपत्र होतं, तरीही अडलं. बाबांनी १९९८ मध्ये टाइप करून घेतलं, साक्षीदार म्हणून चाळीतले दोन मित्र, दोघेही बाबांच्याच वयाचे. बाबा २०१४ मध्ये गेले तोवर ते दोघेही गेले होते. मुंबईत त्या काळी मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं होतं. साक्षीदार हयात नसेल तर त्याची सही ओळखणारा माणूस कोर्टापुढे उभा करावा लागतो. त्या दोन साक्षीदारांपैकी एका काकांचा मुलगा नागपूरला सापडला, त्याने वडिलांची जुनी पेन्शनची कागदपत्रं आणली, सही जुळवून दाखवली. अडीच वर्षं गेली. कोर्ट फी ७५ हजार, वकिलांचे वेगळे. भावंडांत वाद नसताना हे सगळं. माझं सांगणं एवढंच की साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, त्यांचे पूर्ण पत्ते लिहा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

सोलापूर जिल्हा

आजोबा १९८७ ला गेले. वारस नोंद तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते, ती कोणी दिलीच नाही. 'करू की, आपलीच जमीन' असं म्हणत राहिले सगळे. मग चुलते गेले, आत्या गेल्या. शेवटी फेरफार केला तेव्हा सातबाऱ्यावर तेवीस नावं चढली. जमीन रस्त्यात गेली, मोबदला मंजूर झाला, पण वाटणीवर एकमत नाही म्हणून पैसे अडकलेत. एक आतेभाऊ सुरतेला, एक हैदराबादला, एकाचा पत्ताच नाही. आजोबांनी वहीच्या पानावर लिहिलं असतं तरी चाललं असतं.

भाची, सातारा

माझ्या मावशीबद्दल लिहिते. हे लिहिताना अजून हात थांबतो.

मावशी पंचविसाव्या वर्षी विधवा झाली. सासरच्यांनी वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं. ती डी.एड. झाली, शाळेत लागली, आणि पुढची चाळीस वर्षं आमच्याच घरात राहिली. माझी फी तिने भरली. निवृत्तीनंतर तिने स्वतःच्या पैशांनी एक छोटं घर घेतलं, बँकेत ठेवी होत्या. शेवटची चार वर्षं ती अंथरुणाला खिळली होती, सगळं माझ्या आईने केलं. २०१७ मध्ये मावशी गेली. मूलबाळ नव्हतं.

मूल नसलेल्या विधवेने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिने स्वतः कमावलेलं तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जातं. माहेरचा नंबर त्यांच्या नंतर. मावशीच्या नवऱ्याचे दोन पुतणे आले. मावशीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आजारपणात फोन केला नव्हता. वकिलांना आम्ही चार वेळा विचारलं, उत्तर तेच आलं. वडिलांकडून तिला मिळालेली वाईची अर्धा एकर तेवढी माहेरी परत आली, कारण आईवडिलांकडून आलेल्या मालमत्तेचा नियम वेगळा आहे. घर आणि ठेवी गेल्या.

आईला पैशांचं दुःख नव्हतं. त्या घरात मावशीचं शिलाई मशीन होतं, ते आणायला गेलो तेव्हा कुलूप बदललेलं होतं.

एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या बायकांनी तरी हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नये, हात जोडून सांगते.

धागाकर्ती

ताई, हे मी दोनदा वाचलं. माझ्या एका आत्याची परिस्थिती अगदी अशीच आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे जाते.

फोंडा, गोवा

आमच्याकडे कायदाच वेगळा, म्हणून लिहितो. मुंबईच्या नातेवाइकांचं ऐकून गोव्यात लोक चुका करतात. इथे लग्न झालं की बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते, निम्मी नवऱ्याची, निम्मी बायकोची. मुलं असतील तर आपल्या निम्म्यातलंही सगळं मनासारखं देता येत नाही, त्यातला अर्धा मुलांसाठी राखीवच. माझ्या वडिलांना सगळं घर घरी राहिलेल्या धाकट्याला द्यायचं होतं. प्रत्यक्षात त्यांना चौथाई घरच तसं देता आलं. मृत्युपत्र आमच्याकडे नोटरीच्या पुस्तकात लिहितात, त्यामुळे हरवायची भीती नाही. ते नसेल तर सरळ इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी आणि वाटणी, आणि एक वारस पोर्तुगालला असला की ती किती लांबते ते आम्ही भोगतोय.

नाशिक, दोन नंबरचा भाऊ

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या वडिलांनी काही लिहिलं नव्हतं आणि तरी आमच्यात शब्दानेही वाद झाला नाही. बहिणींनी आनंदाने हक्कसोड करून दिलं, आम्ही तिघा भावांनी दुकान आणि घर वाटून घेतलं. संस्कार चांगले असतील तर कागदाची गरज पडत नाही असं माझं मत आहे.

नाव नको, जळगाव

वरच्या दादांसाठी. मीही अशीच आनंदाने सही केली होती. भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी. कागद आधीच टाइप करून आणला होता, कार्यालयात नंबर लावलेला होता, वहिनी डबा घेऊन आली होती. मला काय हवं ते कोणी विचारलं नाही, आणि नाही म्हटलं असतं तर पुढच्या भाऊबीजेला मी कुठे गेले असते? वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा सारखा हिस्सा १९५६ पासून आहे. वडिलांना मला काही द्यायचं होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. 'मुलीला काही नाही' असं त्यांनी स्वतः लिहिलं असतं तरी मी ते मान्य केलं असतं. ते त्यांचं म्हणणं असतं.

नाशिक, दोन नंबरचा भाऊ

ताई, तुमचं वाचून रात्री थोरल्या बहिणीला फोन केला. तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती.

ठाणे, आई

आमचा मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व आहे. आम्ही दोघं गेल्यावर तो घराचा मालक होईल, पण बँकेत सही करू शकणार नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (१९९९) जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून आम्ही त्याचं कायदेशीर पालकत्व घेतलं. मृत्युपत्रात त्याच्या नावाने थेट काही न ठेवता न्यास (ट्रस्ट) केला, विश्वस्त म्हणून माझा भाऊ आणि एक स्नेही. त्याला रोज संध्याकाळी साडेपाचला दूधपोहे लागतात, पावसाच्या आवाजाची भीती वाटते, हेही वेगळ्या कागदावर लिहून जोडलंय. कायद्याने त्याला किंमत नाही, मला माहीत आहे.

रत्नागिरी, निवृत्त लिपिक, वय ७१

मी गेल्या वर्षी केलं. दोन पानं, स्वतःच्या हाताने लिहिली. स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, मग माझ्यासमोर त्यांनी सह्या केल्या. नोंदणी सक्तीची नाही, पण मी दुय्यम निबंधकांकडे केली, आणि वयामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत लावला. कुठल्या बँकेत किती, लॉकरची किल्ली कुठे, सगळं एका यादीत. मत बदललं तर नवं करता येतं, शेवटचं ते खरं. मुलांना बसवून वाचून दाखवलं. धाकटीला चेहऱ्यावर वाईट वाटलेलं दिसलं, तिला कमी का ते तिथेच समजावलं. मी जिवंत असताना तिला रागावता तरी आलं.

धागाकर्ती

आत्याकडे जाऊन आले. ती तयार आहे, फक्त साक्षीदार गल्लीतले नकोत म्हणाली. मीही माझं लिहायला घेतलं. घर, ठेवी, दागिने, सगळं अर्ध्या तासात झालं. मग मुलगा अठरा वर्षांचा होण्याआधी मला काही झालं तर त्याचा पालक कोण, या ओळीवर थांबले. बहिणीला विचारलंय. तिने विचार करायला दोन दिवस मागितले आहेत.