मोसंबीच्या सालींचं आंबवलेलं खत उन्हाळ्यात जमंल का?

परभणीची मोगरेवाली: नमस्कार मंडळी, सध्या घरी मोसंबीच्या साली लई निघायल्यात, भाजीचे देठ वेगळेच, अन् सगळं घंटागाडीत टाकायचं जिवावर येतंय. गूळ-पाणी घालून आंबवून त्याचं बायोएन्झाइम, म्हंजे झाडांना घालायचा अर्क, करतात म्हणे. गच्चीवर मोगरा, कढीपत्ता अन् टोमॅटोच्या कुंड्या हायेत. पण ऊन ४२ च्या वर चाललंय, वास सुटंल का, अळ्या होतील का? कुणी केलं असंल तर नीट सांगा.

लातूरची गच्ची: ताई, बिनधास्त करा. माप १:३:१०, म्हंजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली अन् १ लिटर पाणी. कॅन प्लॅस्टिकचाच घ्या, काचेची बरणी अजिबात नको, सुरुवातीला एवढा गॅस होतो की कॅन टम्म फुगतो, झाकण जरा सैल केलं की फुस्स करून हवा निघते, पहिला महिना हे रोज करायचंच. वर पाव भाग रिकामा ठेवा. उन्हात नको, जिन्याखाली सावलीत ठेवा अन् मार्करनं तारीख टाका, तीन महिने लागतात. शिजवलेलं, तेलकट, दुधाचं काही घालू नका. वास आंबट यायला पाहिजे. पांढरा थर आला तर चालतंय, काळं पडून सडका वास आला तर तेवढाच गूळ परत घालून अजून महिनाभर ठेवा.

जालन्याची बाग: माप बरोबर हाय, पण हे पूर्ण खत नाही हे आधी ध्यानात घ्या. नत्र-स्फुरद-पालाश यात फार नसतं, टोमॅटोला शेणखत नाहीतर कंपोस्ट द्यावंच लागंल. अन् हे चांगलंच आम्ल असतं, तसंच ओतलं तर मुळं जळतात. गाळून १ लिटर पाण्यात २ मिलीच टाका. म्हंजे १ लिटर अर्काला ५०० लिटर पाणी लागतं, मोठा कॅन भरायची गरजच नाही. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतंय, तर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वापरा की. उरलेला चोथा कुंडीत नको, वाळक्या पाल्यात थर लावून कुजू द्या.

परभणीची मोगरेवाली: लई आभार दोघांचे! उद्याच लावते. कढीपत्त्याला पण हेच घालू का? पानं पिवळी पडायलीत.

लातूरची गच्ची: त्याला तीन महिने कशाला थांबताय, आंबट ताक घ्या, मीठ नसलेलं, भरपूर पाणी घालून पातळ करा अन् पंधरा दिवसांनी एकदा बुडाशी ओता. आधी कुंडीचं खालचं भोक मात्र बघा, काळ्या मातीत पाणी तुंबलं की पण पानं अशीच पिवळी पडतात.