फ्यूज उडतो पण कधीतरीच, जुन्या बाईकचं वायरिंग कुठून तपासू?

कृष्णाकाठ:
मंडळी, वडिलांची २००२ ची शंभर सीसी बाईक आता मी वापरतोय, फोर स्ट्रोक, सेल्फवाली. दोन महिने झाले, चालता चालता मधेच हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं एकदम मरतं आणि सेल्फ मारला तर ढिम्म. गाडी मात्र बंद पडत नाही, हेडलाइटपण लागतो. साइड कव्हर काढून बघितलं की दहा अँपियरचा फ्यूज गेलेला. नवा टाकला की कधी आठ दिवस चालतो, कधी पुढच्या चौकात उडतो. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलायला लावली मग हॉर्न, फरक शून्य. घरी मल्टिमीटर लावून बघितलं तर कुठेच शॉर्ट दाखवत नाही. गंमत म्हणजे ऑफिसला एकटा जातो तेव्हा काही होत नाही, रविवारी बायकोला घेऊन सासुरवाडीला निघालो की हमखास. ती म्हणते गाडीपण तुमच्याच बाजूची आहे.

भन्नाट_भाऊ:
२० चा फ्यूज टाक आणि विसरून जा. माझ्या गाडीत चार वर्षं तोच आहे.

जुनं_गॅरेज:
अहो भाऊ, असं सांगू नका कुणाला. फ्यूज वायर वाचवायला असतो, वीसचा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर तापणार, लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) चार वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या की मग अख्खं वायरिंग बदला.
कृष्णाकाठ, हेडलाइट लागतो आणि इंजिन चालू राहतं ही चांगली खूण आहे. तुमच्यासारख्या जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि इग्निशन (प्लगची ठिणगी) दोन्ही मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या छोट्या जनरेटरच्या, एसी करंटवर चालतात, बॅटरीशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे ती बाजू सोडून द्या, फॉल्ट बॅटरीच्या लाइनवर आहे. आणि ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे दोन अँपियरसुद्धा घेत नाही, त्यात हॉर्न इंडिकेटर धरले तरी दहाचा फ्यूज नुसत्या लोडने जाणार नाही, कुठेतरी वायर बॉडीला लागतेय. मीटर लावलात तेव्हा ब्रेक दाबला होता का? आणि फ्यूज नेमका कधी जातो ते आठवा, गतिरोधकावर का?

कृष्णाकाठ:
ब्रेक नव्हता दाबला 🙈 आणि हो, आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, मागच्या दोन्ही वेळा गतिरोधक ओलांडल्यावरच हॉर्न गेलेला कळलं.

जुनं_गॅरेज:
मग तर झालंच. ब्रेक लाइटच्या वायरीत ब्रेक दाबल्यावरच करंट येतो, म्हणून मीटरला सापडली नाही. डबलसीट असताना मागचं चाक वर येतं, त्यात गतिरोधकाला तुम्ही ब्रेक मारणारच. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून लावा, चावी ऑन करा, कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तो बल्ब आणि ब्रेकचा बल्ब दोन्ही मंद लागतील, ते बरोबर आहे. मग मागे दोघं बसवा, मडगार्डखालची वायर हलवत जा, बल्ब एकदम फुल लागला की तिथेच शॉर्ट. फ्यूज जाळत बसायला नको.

कृष्णाकाठ:
सापडलं!! मेहुण्याला आणि त्याच्या मित्राला मागे बसवलं, दोघं उड्या मारत होते, बल्ब लख्ख पेटला. मडगार्डच्या आत वायर धरायची पत्र्याची पट्टी तुटलेली, वायर खाली लोंबून टायरला घासत होती, हिरव्यावर पिवळा पट्टा असलेल्या वायरीचं कोटिंग बोटभर गेलेलं, आतलं तांबं चकाचक, टायरने वर दाबलं की मडगार्डच्या पत्र्याला टेकायचं. नवा तुकडा सोल्डर करून श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) घातली आणि पट्टी नवीन बसवली. कालच सासुरवाडीला जाऊन आलो, फ्यूज शाबूत.

भन्नाट_भाऊ:
च्यायला. माझापण मडगार्डखाली बघतो एकदा.

जुनं_गॅरेज:
बघाच, आणि आधी दहाचा टाका. कृष्णाकाठ, मागचे शॉकअब्सॉर्बर पण दाखवून घ्या, दोन माणसांत टायर मडगार्डपर्यंत येतोय म्हणजे ते बसलेत, वायर परत घासेल.