मदत हवी आहे : कॅमेरा चालू ठेवायला कारण असलेले भयपट सुचवा

नमस्कार. मी कोल्हापुरात शाहूपुरीला राहतो. शनिवारी रात्री आम्ही चौघे भावंडे माझ्या घरी जमून एखादा भयपट पाहतो. पुढच्या महिन्याचे चार चित्रपट मला निवडायचे आहेत आणि माझ्याजवळची यादी संपली आहे.

पात्रानेच हातातल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखे वाटणारे भयपट मला मनापासून आवडतात. मात्र जिवावर बेतलेले असतानाही त्या माणसाने कॅमेरा खाली का ठेवला नाही, याचे उत्तर कथेतच मिळायला हवे. २००७ सालच्या ‘रेक’ या स्पॅनिश चित्रपटात ते मिळते. बार्सिलोनातल्या एका इमारतीत अग्निशमन दलाबरोबर गेलेली वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन आत अडकतात. चित्रण हे त्यांचे कामच असते, आणि शेवटी कॅमेऱ्याखेरीज अंधारात पाहण्याचे दुसरे साधन उरत नाही. असे कारण नसले की माझे लक्ष भीतीवरून उडून दिग्दर्शकाच्या सोयीकडे जाते.

ही अट मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराने शिकवली. कुंभार गल्लीत एका मित्राच्या घरी पाणी शिरले, तेव्हा आम्ही अर्धवट रंगवलेल्या गणेशमूर्ती वर चढवत होतो. वीज गेलेली होती. जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या हे पाहण्यासाठी मी मोबाइलचा दिवा लावून चित्रण सुरू केले आणि ते बंद करायचे राहूनच गेले. पुढे ते पाहिले तेव्हा चित्रात गढूळ पाणी आणि एक कठडा एवढेच होते, पण माझा स्वतःचा श्वास इतका जवळून ऐकू येत होता की अंगावर काटा आला. मला पडद्यावर तेच हवे असते.

झोंबींमध्ये, म्हणजे उठून माणसांवर चालून येणाऱ्या मृतांमध्ये, मला संथ चालणारे अधिक भावतात. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये मृत सावकाश येतात, म्हणून घरात अडकलेल्यांना तळघरात लपावे की वरच थांबावे यावरून भांडायला वेळ मिळतो, आणि खरा घात त्या भांडणातच होतो. ‘२८ डेज लेटर’मधले धावणारे मृत नसून संसर्ग झालेले जिवंत लोक आहेत, तोही चित्रपट आवडला, पण त्यात दम लागतो, धास्ती मुरत नाही.

अडचण धाकट्या बहिणीची आहे. पडदा सतत हलला की तिला मळमळते, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र शरीर स्थिर असल्याचे कळते. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आम्हाला अर्ध्या तासात थांबवावा लागला. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ मात्र तिने पूर्ण पाहिला, कारण त्यातल्या शयनगृहाच्या रात्रींमध्ये कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असतो. तिला वगळून पाहण्याची माझी तयारी नाही.

म्हणून पात्राच्याच कॅमेऱ्यातून दिसणारे, पण बराच काळ स्थिर राहणारे भयपट सुचवावेत. त्यांत संथ झोंबी असतील तर उत्तमच. मराठीत या पद्धतीचा चित्रपट कुणी पाहिला असल्यास अवश्य कळवावे. बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतः कॅमेरा घडवला त्या गावात राहून मला तो ठाऊक नसावा, याची खंत वाटते. ‘झोंबिवली’ हा मराठी झोंबीपट आम्ही पाहिला आहे. नाव सुचवताना पडदा फार हलणारे प्रसंग साधारण कुठे येतात तेही लिहावे, म्हणजे तेवढा वेळ बहिणीला डोळे मिटून घ्यायला सांगता येईल.