पणजीतले बार, तावेर्नं आणि गाडे : तुमचे अनुभव लिहा

पणजीचा विषय निघाला की लोक एकतर मांडवीतल्या कसिनोच्या बोटींबद्दल बोलतात नायतर थेट बागा-कळंगुटला पळतात, मधल्या गावाचं कुणाला काही पडलेलंच नसतं, म्हणून हा धागा. आल्तिनो ते मिरामार, फार तर फेरीने पलीकडे बेती, एवढ्या टापूतले छोटे बार, तावेर्नं (किराणा दुकानामागचे जुने बार), खाणावळी, संध्याकाळचे गाडे. स्वतः बसलायत तिथलंच लिहा, ऐकीव नको. आणि कधी गेलात ते लिहाच, किती वाजता नि कुठल्या महिन्यात, कारण इथे पत्त्यापेक्षा वेळ महत्त्वाची. दुपारी दोनला शटर ओढलेलं बघून "बंद पडला वाटतं हा बार" म्हणत मागे फिरलेले पाहुणे कितीतरी बघितलेत. अहो मालक झोपलाय, संध्याकाळी या.

सुरुवात मीच करतो. एप्रिल, उकाड्याने जीव नकोसा झालेला, ऑफिस सुटल्यावर मळा भागातला एक बार. पाटीवरचं नाव वाचता येत नाही इतकी ती जुनी, आत चार टेबलं, सनमायका कोपऱ्यात उखडलेला, भिंतीवर देवाच्या फोटोखाली लाल बल्ब. मालकाने पेपरातनं मान वर न काढता विचारलं "कितें जाय?" आणि मी हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या भट्टीची दारू) म्हटल्यावर पहिल्यांदा बघितलं माझ्याकडे. लेबल नसलेली बाटली, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, हिरवी मिरची उभी चिरून ग्लासात सोडलेली आणि वरून लिम्का. हे फक्त काजूच्या दिवसांत, मार्च ते मे, आणि ताजंच प्यायचं, टिकत नाही. पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं पण उन्हात काही जाणवत नाही, ते उठताना जाणवतं. सोबत उकडलेले चणे, कांदा मारके. सहा वाजता आलेले चार म्हातारे रोज त्याच खुर्च्यांवर बसत असणार, कारण एक खुर्ची रिकामी होती नि मी तिच्याकडे वळल्यावर मालकच म्हणाला, ती सोडा, तो येईल आत्ता.

सावंतवाडीकर

आमच्यासाठी पणजी म्हणजे सकाळची एसटी, कदंबा स्टँडवर उतरायचं आणि कामाला जायच्या आधी भाजी-पाव. मुंबईची पावभाजी डोक्यात आणू नका, इथे पातळ भाजी वेगळी, सुकी वेगळी, आणि दोन्ही एकाच बशीत हवी तर मिक्स म्हणायचं. कॅफे भोसले किंवा कॅफे ताटो, दोन्हीकडे सकाळी नऊच्या आत गेलात तर बन गरम मिळतो, केळं घातलेला, किंचित गोड, तो तिखट पातळ भाजीत बुडवून खायचा. टेबल शेअर करावं लागतं, समोरचा माणूस वकील असतो नायतर सरकारी ऑफिसातला, आणि तो तुमच्याशी बोलत नाही, पेपर वाचतो. मला ते आवडतं.

बाकी एक सांगून ठेवतो, संध्याकाळी बारमधनं खुश होऊन बाटल्या पिशवीत टाकून बांद्याकडे निघू नका. गोव्यातली दारू परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे. एसटीच्या पिशव्यापण बघतात. जे काय प्यायचंय ते तिकडेच पिऊन या, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

कोल्हापूरचा पण पोटापाण्यासाठी पणजीत

रोस ऑम्लेट! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. संध्याकाळी सात-साडेसातला गाडे लागतात, त्यातल्या एकाला मी बांधलेला आहे, नाव सांगणार नाही, आधीच गर्दी आहे. तो काय करतो बघा, दोन अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर टिनच्या मगात फेटतो, एवढ्या जोरात की समोर उभ्या माणसाच्या शर्टावर उडतं, मग तव्यावर, घडी, स्टीलच्या बशीत. आणि मग मोठ्या टोपातनं शागुतीचा (मसालेदार चिकनचा) रस, त्यात चिकनचा एखादा तुकडा चुकून आला तर तुमचं नशीब, ऑम्लेट दिसेनासं होईपर्यंत ओततो. वर कच्चा कांदा, लिंबू, बाजूला पाव. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हटलं तिखट जरा जास्त टाक, तर तो नुसता हसला. आमच्या तांबड्या रश्श्याच्या मानाने हे काहीच नाही, पण त्यात भाजलेलं खोबरं आणि खसखस असते ना, ती चव मागाहून येते आणि मग दुसरा पाव मागावाच लागतो. उभं राहूनच खायचं. बसायला जागा शोधणारा माणूस बाहेरचा हे लगेच कळतं.

फोंतेन्हासवाली

मी आणि मैत्रीण, दोघीच, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सातच्या सुमारास सांव तोमेतला जोसेफ बार. एवढासा आहे, आत गर्दी झाली की लोक ग्लास घेऊन गल्लीत पायऱ्यांवर उभे राहतात. तिथे फेणी आणि कोकमाचं 'तांबडे रोझा' मिळतं, तेच घेतलं, फेणीचा वास ज्यांना झेपत नाही त्यांनी तिथनं सुरुवात करावी. दोन बायका बारमध्ये म्हणून कुणी वळून बघितलं नाही, शेजारच्या घरातली आजी खिडकीत बसून आमच्याशी गप्पा मारत होती, चप्पल कुठून घेतली विचारत होती. पुण्यात परमिट रूममध्ये फॅमिली सेक्शन कुठाय विचारत फिरावं लागतं, त्या मानाने हे स्वर्ग.

नंतर ३१ जानेवारी रस्त्यावर व्हेनितेला गेलो, जिना चढून वर, बाल्कनीतलं टेबल मिळालं, जेमतेम दोन माणसांचं. जेवण ठीक, बिल पर्यटकांचं. बाल्कनीचे पैसे आहेत ते, माझी तक्रार नाही.

जुना पणजीकार

वरच्या बाईंनी लिहिलंय ते खरं आहे पण ही सगळी आताची, फोटो काढायची पणजी. तावेर्न म्हणजे काय ते सांगतो. समोर किराणा, मागे बार. पुढच्या काउंटरवर साबण, बटाटे, मेणबत्त्या आणि मागे पडद्याआड दोन बाकं. गडी माणूस बाजारात आला की एक कोप (पेला) मारायचा, तोंड पुसायचं आणि भाजीची पिशवी उचलून घरी, सगळं पाच मिनिटांत. मेनू नाही, संगीत नाही, बायकोला कळायच्या आत परत. म्हातारा गेला, पोरगं लंडनला गेलं पोर्तुगीज पासपोर्टवर, दुकानाला कुलूप. आमच्या वाड्यावर असंच झालं. जी उरली ती आता रंगवून कॉकटेलं विकतात आणि एका ग्लासाच्या पैशात पूर्वी आमचा आठवडा निघाला असता.

फोंतेन्हासवाली

काका, तुमच्या त्या पडद्यामागे आम्हाला कुणी बसू दिलं असतं का? रंगवलेला बार चालेल मला.

जुना पणजीकार

बसू दिलं नसतं. तेवढं मान्य.

सत्तरीतला

फेणीबद्दल दोन शब्द, कारण बाहेर फार फसवतात. किनाऱ्याकडच्या एका शॅकमध्ये (नाव जाऊद्या) मला काजू फेणी म्हणून जे दिलं त्याला एसेन्सचा गोड वास होता, पोटात जळजळ रात्रभर. आमच्याकडे सत्तरी तालुक्यात काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो मडक्यांत दोन-तीन दिवस आंबतो, पहिल्यांदा भट्टीवर चढवला की हुर्राक, आणि हुर्राकात परत आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा चढवली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. साखर, रंग, एसेन्स काही नाही. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणजे नाव तरी वाचलं. पणजीत जुन्या बारवाल्याकडे त्याच्या ओळखीच्या भट्टीची असते, विचारा कुठली म्हणून, खरा माणूस गावाचं नाव सांगतो. तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्या, बोंडाचा वास यायला पाहिजे. नाक मुरडाल, तरी तोच खरा. दक्षिणेत नारळाची फेणी मिळते, तो वेगळा विषय, त्यावर मडगाववाल्यांनी लिहावं.

मिरामारकर

जून-जुलैत येणाऱ्यांसाठी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा १८ जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकमध्ये जाऊन पापलेट-विस्वण मिळेल पण ती बर्फातली किंवा बाहेरून आलेली, आणि दुपारी एकला तिथे लाइन असतेच. त्यापेक्षा छोटी खाणावळ बघा जिथे मालकीणबाई स्वतः वाढते. पावसाळ्यात मी जातो तिथे तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर, खाडीतलं काय मिळालं तर ते, सोलकढी आणि उकड्या तांदळाचा भात. किसमूर म्हणजे भाजलेली सुकी कोलंबी, ओलं खोबरं, कांदा, चिंच कालवून, भातावर घेतली की बाहेर कितीही कोसळू दे. सोमवारी मात्र जाऊ नका, बरेच हिंदू लोक सोमवारी मासे खात नाहीत त्यामुळे अशा ठिकाणी शाकाहारी ताट असतं. तेही वाईट नसतं, पण तुम्ही त्यासाठी आलेला नसता.

ठाणेकर

मस्त धागा. गणपतीत चार दिवस सुट्टी आहे, येऊ का? सगळं उघडं असतं ना?

मिरामारकर

चवथीला? नको. कामगार गावाला गेलेले असतात, हिंदूंची हॉटेलं आणि खाणावळी दोन-चार दिवस बंद, भाजी-पावपण मिळायची मारामार. कॅथलिकांचे बार उघडे असतात, पण शहर रिकामं. तुम्हाला कुणी घरी बोलावलं असेल तर मात्र नक्की या, नेवऱ्या आणि खतखतं मिळेल.

ठाणेकर

घरी बोलावणारं कुणी नाही हो.

कोल्हापूरचा पण पोटापाण्यासाठी पणजीत

मग नोव्हेंबरात या, मेसेज करा, गाडा दाखवतो. शर्ट जुना घाला.